प्रेम ओरडून सांगणारे शांतवनराव

"देव तुमच्यावर प्रेम करतो" हे वाक्य आमचे शेजारी शांतवनराव अशा आवाजात म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या हातून त्यांची काच फुटली.

सावेडीतल्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. रविवारी देवळातून परतले, म्हणजे चर्चमधून, कारण आमच्याकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, की स्वतःच्या घरी न शिरता आधी माझी बेल वाजवायचे. मी दार उघडलं की सुरू.

"सर, आत जागा हाय. तुमी उगं दारात लोंबकळताय. कळतंय का?"

मला कळत नसे. मी शाळेत गणित शिकवलेला माणूस. मला कुठलाच देव नको आणि रविवारच्या मटणात व्यत्यय तर मुळीच नको. मीही आवाज चढवायचो.

"शांतवनराव, तुमच्या देवाला म्हणावं, या माणसाचा नाद सोड."

"तो सोडत न्हाई. मी बी सोडनार न्हाई."

मग आमची जुंपायची. रस्सा गार व्हायचा. हा माणूस एकदा कायमचा मुका व्हावा, असं मला मनापासून वाटायचं.

एकदा फाटकाशी कुणा परक्या माणसाने त्यांच्या स्कूटरला धडक दिली. शांतवनरावांनी त्याची गचांडी धरली, तोंडाला येईल ते सुनावलं आणि मग एकदम हात सोडला. "जा, माफ केलं. मला माफ करावंच लागतं, न्हाईतर दावलं असतं तुला. का करावं लागतं, ते इचार." त्या बिचाऱ्याने विचारलं. तिथेच तो चुकला. भर उन्हात त्याला येशूचं सगळं शुभवर्तमान उभ्याने ऐकावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "काका, त्यापेक्षा भरपाई घ्या."

पण धर्म बदला, असं शांतवनराव कुणालाही म्हणाले नाहीत. मी एकदा खवचटपणे विचारलं, "इतकी वर्षं घसा फोडताय, आलं का कुणी?"

"कुनी न्हाई," ते म्हणाले. "कंडक्टरनं हाक मारायची. चढायचं का न्हाई, ज्याचं त्यानं बघावं."

यंदा सोसायटीला नवा सेक्रेटरी मिळाला. स्वतःच्या वाढदिवसाला हा गृहस्थ पार्किंगमध्ये डीजे लावतो आणि आमच्या खिडक्या थरथरतात. त्याने चारचौघांत शांतवनरावांना दम दिला, "पुन्हा कुणाच्या दारात देवाच्या गप्पा मारताना दिसलात, तर पोलिसांत अर्ज देईन."

आता भडका उडणार म्हणून मी जिन्यात थांबलो. शांतवनराव मान खाली घालून माझ्यासमोरून वर निघून गेले.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. गरम रस्सा समोर होता आणि मला घास जाईना. माझं डोकंच फिरलं. सेक्रेटरीचा संताप आलाच, पण त्याहून जास्त शांतवनरावांचा आला. आमच्यावर एवढं गुरगुरणारा माणूस एका फडतूस धमकीने गप्प बसतो म्हणजे काय? मी हात धुतले आणि त्यांची बेल दाबून धरली.

"पोलिसांना भ्यालात?" दार उघडताच मी तोंड सोडलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "व्हय, भ्यालो. मला दिवसभर चौकीत बसवलं, तर हिच्यापाशी कोन?"

आत कॉटवर त्यांच्या पत्नी सगुणाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्या आजारी असतात एवढंच मला ठाऊक होतं. कुणी कधी नीट सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्या देवळात मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घ्यायच्या. शांतवनराव तरुणपणी देवाचं नाव काढलं की उठून जायचे. त्यांना पहिल्यांदा बसवून येशू सांगितला, तो याच बाईने. आता तिला येशू आठवत नव्हता आणि नवराही.

"भाऊ," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या माणसाला धरून नेलं म्हणालात. मग?"

शांतवनराव कॉटच्या कडेला बसले आणि सांगू लागले. असा आवाज या माणसाकडे आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी येशूचा वधस्तंभ सांगितला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्याला कबरेत ठेवलं, इथवर आले तोवर बाईंची मान कलली होती.

शांतवनराव माझ्याकडे वळले. राग नेहमीचाच, पण आवाज दबलेला. "रोज हितवरच येती आन् रडत झोपती. उठली की समदं पुसलेलं. पुन्हा पहिल्यापासनं. पुढचं चांगलं हाय, ते हिच्या कानावर पडतच न्हाई. मी देवाशी लई भांडतो, सर. म्हनतो, हिनं तुझी एवढी सेवा केली आन् तू हिला हितंच सोडतो व्हय? तोच राग घिऊन भाईर पडतो. जे हिला सांगायचं ऱ्हातं, ते तुमाला सांगतो."

मी कॉटसमोरची खुर्ची ओढून बसलो.

"सेक्रेटरीला मी बघतो," मी म्हणालो. "रविवारी तुम्ही माझ्याकडे या, तोवर मी बाईंजवळ बसेन... नाही, तसं कसं होईल? मीच इथे येत जाईन. आता पुढचं सांगा."

"तुमाला पाठ झालंय ते."

"तरी सांगा."

त्यांनी बाईंच्या अंगावरची चादर सारखी केली. "तिसऱ्या दिशी पहाटं एक बाई रडत कबरीपाशी गेली," ते म्हणाले. "तो जित्ता हुऊन तिच्या म्होरं उभा. तिनं वळखलं न्हाई. तिला वाटलं, बागंतला माळी हाय. मग त्यानं तिला नावानं हाक मारली, आन् तवा तिनं वळखलं."

एवढं बोलून शांतवनराव कॉटकडे वाकले. अगदी हळू म्हणाले, "सगुणा."

बाई गाढ झोपेत होत्या. आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.