शून्य डावीकडे

गळका नळ स्वयंपाकघरातला होता की न्हाणीघरातला, हे आता खात्रीने सांगवत नाही. (वनस्पतिशास्त्रातल्या डॉक्टरेटचा इथे काडीचा उपयोग नाही.) मी प्लंबरच्या डोक्यावर उभा राहून त्याला सल्ले देत होतो, एवढं नक्की. तेवढ्यात शाळेला निघालेली नात वही घेऊन आली.

"आजोबा, 3x² = 5x − 2. यात a, b, c कोण?"

त्याच दिवशी तिची चाचणी होती. नापास झाली तर खालच्या तुकडीत रवानगी! मी म्हणालो, "आधी सगळ्यांना एका बाजूला आणायचं, दुसऱ्या बाजूला नुसतं शून्य. मग x² चा सहगुणक a, x चा b आणि एकटा उरलेला आकडा c. चिन्हासकट हं!"

डावीकडे एक पद, उजवीकडे दोन. दोघांना कशाला उठवा, म्हणून मी 3x² लाच उजवीकडे नेलं. a उणे तीन, b पाच, c उणे दोन. नात पळाली.

मग मी तिचं घरीच राहिलेलं गणिताचं पुस्तक उघडलं. (उत्तर आधी, पुस्तक नंतर. याच क्रमाने मी आयुष्य काढलं.) तिथे a तीन, b उणे पाच, c दोन! तिन्हीच्या तिन्ही चिन्हं उलटी!

चपला अडकवून मी धापा टाकत शाळा गाठली. गणिताच्या बाई दारातच भेटल्या.

"बाई, शून्य द्यायचं तर मला द्या, पोरीला नको!"

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या समीकरणाला उणे एकने गुणा बघू."

"गुणलं."

"काय आलं?"

"...पुस्तकातलं."

"मग? दोन्ही बरोबर. उत्तरं तीच येतात. a तेवढा शून्य नको, नाहीतर ते वर्गसमीकरणच राहत नाही. आता बसा, पाणी प्या. आणि ही उजवी चप्पल कोणाची?"

प्लंबरची होती.

मी तरंगतच घरी आलो. प्लंबर दारात एका पायावर उभा होता. नळ मात्र दुरुस्त झालेला. पुढे नात पासही झाली.

ती स्वतः गणित शिकवायला लागल्यावर, इतक्या वर्षांनी, मी सुनेला विचारून एकदाची खात्री करून घेतली. नातीला ते उत्तर आदल्या दिवसापासूनच येत होतं.

"अहो बाबा, प्लंबर म्हणाला, यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर मी निघालो. म्हणून मीच तिला वही देऊन पाठवलं."