काकडे साहेब आणि रिकामी टाकी

काकडे साहेबांसमोर चहाचा रिकामा कागदी कप ठेवू नये. ते लगेच त्याची वरची गोल कडा फाडतात, कपाला अंगठा लावतात आणि कप आत चेपला गेला की समाधानानं म्हणतात, "बघा! गेली टाकी!"

वाळूजच्या आमच्या कारखान्यात तेलाच्या मोठाल्या टाक्या बनतात. त्यांच्यावर वाऱ्याचा जोर किती येईल, हा हिशोब साहेबांचा, खरेदी माझी. शिवाय बजाजनगरात आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्यामुळं सुटका नाही.

एकदा गंगापूरचे एक तेलगिरणीवाले शेटजी म्हणाले, "साहेब, टाकीच्या काठाभोवतीची ती वरची लोखंडी कडी काढा की. आमच्याकडं वारा लई नाय."

"नाय? मग मागच्या उन्हाळ्यात तुमच्या शेडचे पत्रे शेजारच्या वावरात पायी गेले व्हय?"

कडी राहिली.

साहेबांचं म्हणणं एकच: "भरल्या टाकीला वारा काय करतोय? रिकामीला जपा." आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीबद्दलही ते सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत हेच बोलत. उन्हाळ्यात नळाला कितीतरी दिवसांआड पाणी, म्हणजे टाकी बहुतेक कोरडी. "बांधून घ्या," साहेब म्हणत. "पुढच्या बैठकीत बघू," अध्यक्ष म्हणत. बाकीचे हसत. हसणाऱ्यांत मीही असायचे.

मे महिन्यात एका संध्याकाळी धुळीचा लोट उठला. माझा क्रम ठरलेला: खिडक्या, मग कपडे. कपडे काढायला गच्चीवर गेले, तर साहेब धापा टाकत टाकीत बादली ओतत होते.

"साहेब, हे काय?"

"खाली पोरं खेळतायत ना!"

"मग त्यांना आत बोलवा की!"

"बोलावलं. म्हणतात, शेवटची ओव्हर, काका."

मी कपडे सोडून बादली उचलली. पाणी साहेबांच्या घरातल्या पिंपातलं होतं. पिंप तळाला गेलं तेव्हा वारा आला. टाकीचं झाकण उडून पलीकडच्या गल्लीत पडलं. टाकी डुलली, गुरगुरली आणि जागेवर राहिली. खाली ओव्हर संपली.

वारा पडला. तासाभरात जिन्यातून आनंदाचे आवाज आले: "अहो, नळाला पाणी आलंय! घ्या भरून!" सगळ्यांनी भरून घेतलं. साहेब जिन्यात उभे राहून ऐकत होते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला उतरलेलं ते पाणी त्यांच्याच पिंपातलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी माझ्याकडचा भरलेला हंडा घेऊन वर साहेबांकडे गेले.

"कशाला? एकट्याला किती लागतंय?" असं म्हणत त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात मी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

"बसता का? चहा टाकतो."

फळीवर दोन कप होते. एक नुकता विसळलेला. दुसऱ्यात धूळ साचली होती. तो त्यांनी हंड्यातल्या पाण्यानं, थेंब न सांडता, सावकाश धुतला.

माझे कपडे अजून गच्चीवरच होते. पोळ्या व्हायच्या होत्या.

मी बसले.