पाताळबहादराची आणि कोळदऱ्याच्या बारा गाड्यांची बखर

श्रीमार्तंड समर्थ. धरणीमातेच्या पोटी जे पेरिले ते उगवते आणि जे चोरून पुरिले तेही एक दिवस वर येते, ऐसे जाणून ही हकीकत लिहिली असे. शके अठराशे एकोणचाळीस, पिंगळनाम संवत्सरी, एका राज्यावर परचक्र आले. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की दरबारी मंडळींच्या पोटात दुखू लागते, आणि त्यावर काढा देणारा वैद्य आमच्या गावी नाही. शत्रूपाशी रणगाडा म्हणोन नवे जनावर होते, सगळे लोखंडाचे, बैलावाचून चालणारे, भिंत दिसली की भिंतीवर आणि माणूस दिसला की माणसावर जाणारे. महाराजांच्या घोडदळाने ते पाहिले आणि पाठ फिरविली, ती राजधानीच्या हौदावर पाणी प्यावयासच थांबली. मग महाराजांनी दरबार भरवून पुसिले, "यास उपाय काय?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्यांतच अवधूतराव नामे दारूखान्याचा दरोगा मान खाली घालून उभा होता, त्यास पायाखालची जमीन दिसली आणि युक्ती सुचली. तो बोलिला, "महाराज, वरून मरत नाही तर खालून मारावा. पायात काटा मोडला म्हणजे हत्तीही बसतो." महाराज बहुत संतोष पावले.

मग अवधूतरावाने तोफेचे गोळे नाक वर करून वाटेत पुरिले, वर माती लोटिली, आणि पहिला रणगाडा आला तो तेथेच बसला. महाराजांनी पालखी दिली. मग लोखंडाच्या परातीत दारू ठासून वर झाकण ऐसे बसविले की माणूस नाचला तरी ते दबू नये आणि गाड्याचे ओझे आले म्हणजे दबावे. महाराजांनी हत्ती दिला. मग शत्रूने लोखंड हुंगणारी काठी आणिली, ती परातीवर गेली की कुंईकुंई करी, तेव्हा अवधूतरावाने लाकडी पेट्यांचे सुरुंग केले, आणि मग कुंभार बोलावून भाजल्या मातीचे केले, आणि काठी हुंगहुंगून थकली. मग शत्रूने माणसे पोटावर निजवून सळईने माती टोचीत धाडिली, तेव्हा थोरल्या सुरुंगाभोवती धाकटे पुरिले, खास माणसाच्या पायासाठी, की धाकट्यांनी थोरल्याची राखण करावी. वा रे राखण! मग शत्रूने रणगाड्यापुढे जड रूळ जोडिला, की सुरुंग रुळाखालीच फुटावा आणि गाडा मागे सुखरूप राहावा. तेव्हा अवधूतरावास अन्न गोड लागेना, आणि त्या तळमळीत त्याने ऐसा सुरुंग घडविला की पहिल्या दाबास मुका राहावा आणि दुसऱ्या दाबास बोलावा. रूळ पुढे सुखरूप जाई आणि मागचा गाडा आभाळात. हे मर्म महाराज आणि अवधूतराव या दोघांवाचून तिसऱ्यास ठाऊक नव्हते. महाराजांनी त्यास 'पाताळबहादर' किताब दिला, आणि तेव्हापासून तो चालताना जमिनीकडे न पाहता आभाळाकडे पाहू लागला.

मग दोन्ही राजे दमले आणि तह जाहला, आणि चौकाचौकांत साखर वाटिली. तह सगळ्यांस वाचून दाखविला, पण जमिनीत पुरिल्या सुरुंगास कोण वाचून दाखविणार? सरहद्दीजवळ मौजे कोळदरे म्हणोन गाव होते. गाव अलीकडे, आणि पलीकडे काळी जमीन व खंडोबाचा माळ, आणि मधून एकच गाडीवाट. त्या वाटेत पाताळबहादराने मुके सुरुंग पुरिले होते. पण तोवर दारू सरत आली होती, म्हणोन थोरलेच पुरिले, धाकटे पुरिले नाहीत. हे गावाचे भाग्य म्हणावे की दुर्भाग्य, ते वाचणाराने ठरवावे. कोळदऱ्याची जुनी रीत ऐसी की वाटेची शंका आली म्हणजे आधी शेळ्या पुढे घालाव्या. तशा घातल्या. शेळ्या चरून आल्या, पोरे विटीदांडू खेळून आली, आणि गावाने म्हटले, वाट मोकळी. मग चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मैनाजी पाटील देवळाच्या पायरीसाठी दगड भरून गाडा घेऊन गेला तो सुखरूप गेला, आणि दगड उतरवून, शेतातली बाजरीची पोती भरून त्याच वाटेने परत निघाला. त्याची बायको ठकूबाई पाटलीण वेशीत उभी होती. तिने गाडा येताना पाहिला, आणि मग धूर पाहिला. हाती लागले ते एक चाक आणि बैलाच्या गळ्यातली घंटा.

दरबारातून निवाडा आला की तेथे सुरुंग नाही आणि नव्हता, पाटील चोरून दारू वाहत होता, ती पेटून मेला. ऐसे का लिहिले? तर सुरुंग कबूल केला म्हणजे कायद्याने तो सरकारने काढावा लागतो, आणि त्याच कायद्याचे दुसरे कलम ऐसे होते की ज्या वाटेवरून बारा वर्षे गाडा गेला नाही ती वाट मोडली, आणि पलीकडची जमीन सरकारजमा. आणि ती जमीन पाताळबहादरास इनाम द्यावयाचे महाराजांनी आधीच योजिले होते. घरच्या म्हातारीचा काळ व्हावा तो ऐसा. ठकूबाई दरबारी जाऊन म्हणाली, "माझा धनी चोर नव्हता." तेव्हा कारकून हसले आणि म्हणाले, "बाई, शोकाने डोके फिरले आहे, घरी जा." ती घरी आली. पण डोके फिरले नव्हते, ते एकाच जागी घट्ट बसले होते: गाडा जाताना गेला, मग येताना का उडाला? ही गाठ ती दळताना सोडवी, कांडताना सोडवी, आणि एक दिवस जात्याचा खुंटा धरून तशीच बसली आणि म्हणाली, "मेल्याने दुसऱ्या खेपेला ठेवले आहे!" पण पुरावा नव्हता, म्हणोन ती बाराव्या चंपाषष्ठीची, पाताळबहादर मुदत भरल्याचा पंचनामा करावयास गावी येईल त्या दिवसाची, वाट पाहू लागली.

चंपाषष्ठीस त्या गावी पूर्वी बारा गाडे ओढीत. भगताच्या कमरेस दोर बांधावा, त्याने वेशीपासून माळापर्यंत गाडा ओढावा, आणि पहिल्या गाड्यावर पुढली जागा सरकारची, ती सरकारी माणसाने नारळ घेऊन भरावी, हा पूर्वापार मान. मैनाजी गेल्यापासून गाडे बंद होते. बाराव्या वर्षी ठकूबाईने दवंडी दिली की गाडे निघणार. गावात एकच कल्लोळ जाहला. कोणी म्हणे, "पाटलीणबाई, गाडे जातील ते तुकड्यांनी जातील." ती म्हणाली, "मग तुकडे गोळा करू. जमीन गेली तर काय माती खाणार, आणि तीही दुसऱ्याची?" मग घरोघरचे गाडे निघाले, आणि मोटेचे दोर जोडून ऐसा लांब दोर केला की भगत पुढे आणि गाडा पार मागे राहावा. त्या दिवशी सूर्य मावळता बारा वर्षांची मुदत भरत होती, म्हणोन पाताळबहादर वाट मोडल्याचा पंचनामा करावयास आलाच होता, पालखीत बसून, पान चघळीत.

ठकूबाई पुढे होऊन म्हणाली, "बहादरसाहेब, बरे आलात. सरकारचा मान आहे, पहिल्या गाड्यावर बसा." तो म्हणाला, "आमची कंबर धरली आहे." ती म्हणाली, "असू द्या, असू द्या. पण मान रिकामा ठेवू नये." मग तिने एक घडीव धोंडा त्या जागी ठेविला, त्यास लाल मुंडासे बांधिले, भंडारा लाविला, हार घातला आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "मुजरा, पाताळबहादर!" लोक पोट धरून हसले. पालखीत पान चघळणे थांबले. मग आणखी दगड भरिले, रायाजी भगताने दोर कमरेस बांधिला, 'येळकोट येळकोट' जाहले, आणि मैनाजीची चाकोरी टाळून शेजारून पहिला गाडा निघाला. लोकांनी कानांत बोटे घातली. गाडा डुलत डुलत माळावर पोचला, काही एक जाहले नाही. पाताळबहादर मिशीवर ताव देऊन म्हणाला, "पाहा! आम्ही काय म्हणत होतो? वाट निर्धोक, लोक रिकामटेकडे." तरणी पोरे आनंदाने दुसऱ्या गाड्यावर चढली, त्यांस ठकूबाईने चाबूक उगारून खाली उतरविले. "उतरा रे! हा गाडा माझा एकटीचा." मग ती स्वतः चढली, शेजारची जागा पदराने झाडिली आणि म्हणाली, "या बहादरसाहेब. आता तर वाट निर्धोक ठरली. माझा धनीही जाताना सुखरूप गेला होता."

हे ऐकून पाताळबहादराच्या तोंडचे पाणी पळाले. दोर ताणला, चाक पहिल्या गाड्याच्या चाकोरीत हलले. ठकूबाई भ्याली होती, हे लपवीत नाही, कारण ती माणूस होती, देवी नव्हती. तिने मनात ऐसे धरिले होते की हा गप्प राहिला तर मी धन्यापाशी जाईन, आणि बोलला तर गाव राहील आणि धन्याचे नावही धुऊन निघेल. तिने डोळे मिटले नाहीत, पालखीवर रोखून ठेविले. गाडा वेशीच्या खांबापुढे गेला, बाभळीपाशी आला, आणि तेथे पाताळबहादर पालखीतून उडी टाकून, पागोटे सुटले ते तसेच टाकून, धावत आणि ओरडत सुटला, "थांबवा! उतर बाई, उतर! तो दुसऱ्या दाबाला उडतो! माझ्या हाताने पुरिला आहे, उतर!" रायाजीने दोर सोडिला.  ठकूबाई उतरली आणि धुळीत बसून ती धन्यासाठी अवघ्या गावादेखत मोठ्याने रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा सांगा बहादरसाहेब. सगळ्यांस ऐकू गेले नाही." तो मान खाली घालून म्हणाला, "पाटील चोर नव्हता." ती म्हणाली, "आणि बाकीचे कोठे पुरिले?" तो म्हणाला, "आता आठवत नाही." ती कडाडली, "पुरताना बरे आठवत होते!"

मग त्या गाड्यावर दगड भरिले आणि ओढला, आणि बाभळीपुढे दहा हात गेला तोच ऐसा आवाज जाहला की माळावरच्या घारी उठल्या. लोक हटले नाहीत. तिसरा जोडिला, चौथा जोडिला, सगळे एकाच चाकोरीने. कोणी म्हणे, "माझा गेला!" आणि दुसरा म्हणे, "माझा अजून बाकी आहे, घ्या!" गाडे फुटत गेले आणि गाव पुढे सरकत गेले. शेवटले गाडे न फुटता पोचले, आणि बारावा गाडा, दिवस मावळण्याआधी, माणसांनी भरून माळावर गेला, त्यावर पुढे ठकूबाई, मांडीवर बैलाची घंटा. वाट मोडली नाही. पाताळबहादर पायी परत गेला, कारण पालखीवाल्या भोयांनी पालखी वेशीत ठेवून गाड्याचा दोर धरिला होता.

पुढे दरबारातून पत्र आले की चंपाषष्ठीस झालेले आवाज ते मेघगर्जना होत. ठकूबाईने जासुदास जेवू घातले आणि निरोप दिला, "महाराजांस सांगा, मार्गशीर्षातले मेघ आमच्या जमिनीत कोणी पुरिले, त्याचे नाव आम्हांस कळले आहे." 

सारांश, राजे गेले, किताब गेले, रणगाडे गंजले, आणि कोळदऱ्याची गाडीवाट चालू आहे. मैनाजीने नेलेले दगड माळावर तसेच पडून होते, त्यांची पायरी ठकूबाईने बांधून घेतली. एक दगड कमी पडला, तेथे मुंडासे सोडून तो मानाचा धोंडा बसविला. अजून जत्रेस येणारा माणूस देवळात शिरण्याआधी त्यावर पाय घासतो आणि म्हणतो, "मुजरा, पाताळबहादर." इति.