खांदेश्वरी रणगाड्याच्या मोटारींची व बॅटरींची हकीकत

शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सरे, पौष मासी, नवे पनवेल प्रांती खांदेश्वर मुक्कामी जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. वाचणारांनी चित्त स्थिर करावे, गॅसवर दूध ठेविले असल्यास आधी उतरवावे आणि मग बैसावे.

उरणच्या कोळीवाड्यातील राजश्री दादू नाखवा, यांनी उमरभर लाँचच्या इंजिनाची सुभेदारी केली आणि निवृत्त होऊन सिडकोच्या इमारतीत तळमजल्यास ठाणे दिले. समोरील दरवाजा हसनमियां मुकादम यांचा. हे न्हावा शेवा बंदरी कस्टमचे एजंट, कागदाच्या लढाईत मोठे बहाद्दर. उभयतांचा स्नेह ऐसा की, एकाचे घरी बोंबील तळिले की दुसऱ्याने न बोलाविता पानावर बैसावे.

नाखवांचे चिरंजीव प्रितेश फौजेत, रणगाड्यांच्या पलटणीत, मुक्काम राजस्थान. ते दोन वर्षांनी रजेवर येतात ऐसा फोन आला आणि नाखवांचे मनी आले की, रणगाड्यावरचा पोर घरी येतो, त्यास सामोरे जाणे ते रणगाड्यानेच जावे. मग प्लायवूड आणिले, सायकलच्या चेनी आणिल्या, हसनमियांचे बंधूंनी मस्कतहून धाडिलेले रिमोट आणिले, आणि उभयतांनी टेबलाएवढा रणगाडा हॉलमध्ये उभा केला. बेत ऐसा की, त्यावर ओवाळणीचे तबक चढवावे आणि सोसायटीच्या गेटापर्यंत स्वारी करावी. नाखवांचे कुटुंब धोंडूबाईसाहेब यांचा सोफा त्याच दिवशी गॅलरीत हद्दपार जाहला.

गाडा तो जाहला, परी त्यात जीव घालावा कैसा? प्रथम खेळण्यांतील मोटारी लाविल्या. त्या माश्यांसारिख्या गुणगुणल्या आणि गाडा तसूभर हलेना. मग नाखवांची नजर मिक्सरवर गेली, तों बाईसाहेबांचे फर्मान सुटले.

“मिक्सरला हात लावलाव, त उद्यापासून पाट्यावर वाटन तुमीच वाटायचा!”

ती मसलत तेथेच बुडाली. मग भंगारातून ट्रकची स्टार्टर मोटार आणिली. बटण दाबताच गाडा तोफेच्या गोळ्यासारिखा सुटला, टीव्हीच्या स्टँडवर आदळला आणि बॅटरी एका घोटात रिती करून तेथेच निजला. अखेर हसनमियांनी बंदरावरील ट्रेलरवाल्यांशी राजकारण केले आणि काच पुसणाऱ्या वायपरच्या दोन मोटारी पैदा केल्या. चाल सावकाश, परी जोर बैलाचा. एक डाव्या पट्ट्यास, एक उजव्या पट्ट्यास, ऐशा पाठीस पाठ लावून, तोंडे बाहेर करून बसविल्या आणि पेढे वाटिले.

आता दारूगोळा, म्हणजे बॅटरी. येथे दौलतीत दुफळी पडली.

“जवरी मोठी बॅटरी, तवरा दम,” नाखवांनी जाहीर केले. “ट्रकचीच घालायची.”

“नाखवा, ती उचलायला दोन माणसं लागतात,” हसनमियां बोलिले. “गाडा चालवायचाय की दाबायचाय?”

नाखवा ऐकेनात. ट्रकची बॅटरी घातली, तों प्लायवूडचा तळ कडकन फुटला आणि बॅटरी फरशीवर धारातीर्थी पडली. मग हसनमियांनी आपल्या स्कूटरची बॅटरी मोठ्या डौलाने बसविली. ती हलकी खरी, परी पहिल्याच वळणास आतील ॲसिड हिंदकळले आणि मरियमबींनी, म्हणजे हसनमियांचे बेगमेने, हौसेने दिलेल्या सतरंजीस भोक पडले. उभय पक्षांची शिकस्त जाहली, तेव्हा तह सुचला. कॉम्प्युटर क्लासात वीज गेल्यावर चालणाऱ्या डब्यात ज्या बंद बॅटऱ्या असतात, त्या न सांडती, न जड. हसनमियां म्हणाले एक, नाखवा म्हणाले चार, आणि दोनावर गोष्ट ठरून त्या शेजारी शेजारी बसविल्या.

मग रिमोट दाबिला आणि गाडा चालू लागला! टाळ्या पडल्या. तों गाडा उजवीकडे वळला, आणखी वळला आणि हॉलमध्ये प्रदक्षिणा घालू लागला. सरळ म्हणून जाईना. उजवी मोटार डावीहून मंद चाले, आणि का चाले ते कोणासच उमगेना.

“तुजी मोटार लंगरी हाय,” नाखवा गरजले.

“माझ्या मोटारीला नाव ठेवायचं नाही. तुम्हीच काहीतरी वाकडं ठोकलंय!”

“म्या? म्या बोटी चालवल्यात!”

“म्हणूनच गाडा भोवऱ्यात सापडल्यासारखा फिरतोय.”

हा घाव वर्मी बसला. नाखवांनी तत्क्षणी उजवी मोटार उपटिली, हसनमियांचे हाती दिली आणि दार लाविले. मग जे अबोल्याचे दिवस आले ते काय वर्णावे! बोंबील तळिले गेले आणि कोणी आले नाही. नाखवांनी पान तैसेच सारिले. समोर हसनमियां मोटार मांडीवर घेऊन बैसले.

प्रितेश यावयाचे दिवशी सकाळी धोंडूबाईसाहेब स्वतः समोरील दारी गेल्या आणि म्हणाल्या, “हसनभाई, फोन आला, पोरगा पनवेलला उतरला, रिक्षात बसतोय. तो आल्यावर तुमी दोघं पाठी फिरवून उभं ऱ्हाल, त मी उरनला माहेरी जाईन. मंग तुमच्या दोस्ताला म्हनावं, करा ओवालनी त्या गाड्याला.”

हसनमियां अनवाणीच निघाले. नाखवांनी दार उघडिले, मोटार पाहिली, मग हसनमियांस पाहिले आणि इतकेच बोलिले, “पान्हा घे.”

मग काय गर्दी उडाली! मरियमबींनी तबकात दिवा लाविला, नाखवा गाड्याखाली शिरले, हसनमियांनी तारा धरिल्या, आणि घाईत उजवी मोटार उलटी, तोंड आत करून, बसली. चेन कशीबशी आतल्या दातेरी चाकावर चढविली. रिमोट दाबिला, तों गाडा जागच्या जागी भिंगरी फिरला. “तारा बदल, तारा बदल!” ऐसा गिल्ला जाहला. हसनमियांनी तारांची अदलाबदल केली, पुन्हा दाबिले, आणि गाडा निघाला तो बाणासारिखा सरळ! कारण ऐसे की, वायपरची मोटार एका अंगास जलद फिरते आणि दुसऱ्या अंगास मंद. पाठीस पाठ असता एक सुलटी फिरे, दुसरी उलटी. आता दोघी एकाच अंगास फिरू लागल्या. हे मर्म उभय सरदारांस मागाहून कळले, परी दोघांनीही ते आधीपासून ठाऊक असल्याचे जाहीर केले.

गाडा तबक घेऊन दारातून निघाला, उतारावरून उतरला आणि गेटाकडे कूच करू लागला. मागे नाखवा, हसनमियां, दोघी बाया, आणि अर्धी सोसायटी. रिक्षा थांबली. प्रितेश उतरले, तों पायाशी दिव्यासह रणगाडा! ते खाली बैसले. धोंडूबाईसाहेबांनी ओवाळिले, डोळे पुसिले आणि ओरडल्या, “केवरा सुकलास रं!”

नाखवा छाती काढून म्हणाले, “बग, तुज्या टँकासारका हाय का?”

प्रितेश बापाचे कानाशी गेले. “बाबा, एक सांगायचंय. मी टँकवर नाय. मी लंगरात आहे. पलटणीसाठी जेवण बनवतो. फोनवर सांगायची हिंमत नाय झाली.”

कानाशी सांगितलेले अवघ्या सोसायटीने ऐकिले. नाखवांनी गाड्याकडे पाहिले, बॅटऱ्यांकडे पाहिले, आणि मग आवाज चढवून बोलिले:

“मंग काय झालं? टँक काय उपाशी चालतो व्हय?”

हसनमियांनी पहिली टाळी दिली आणि मग टाळ्या थांबेनात. त्या दुपारी बोंबलाचे कालवण स्वतः प्रितेशने रांधिले, आणि हसनमियांनी एवढे वाढून घेतले की नाखवांस टोप खरवडावा लागला. येणेप्रमाणे वायपरच्या मोटारी दोन आणि बंद बॅटऱ्या दोन, यांचे बळे खांदेश्वरी फत्ते जाहली. शत्रू कोण होता, हे शेवटपर्यंत कळले नाही. लेखनसीमा.