मिठाच्या पाण्यातली चार नाणी

जांबे गावात भाड्याची खोली बघायला मी नेहमीसारखी यादी घेऊन गेले: पाण्याची वेळ, वेगळा मीटर, गाडीची जागा. घरमालक आप्पांनी नळ दाखवलाच नाही. आधी पाण्यानं भरलेली काचेची बरणी दाखवली. तळाशी चार काळीहिरवी नाणी.

"कंपनी सरकारची हायेत. दोनशे वर्सं बुडालेल्या जहाजात व्हती. पुण्याच्या प्रदर्शनातनं आणली."

"मग पुन्हा पाण्यात का?"

"सवय हाय त्यास्नी. एकदम कोरड्यात सोसंल व्हय?"

खोली मी घेतली. दर शनिवारी आप्पा बरणीतलं पाणी बदलायचे, जाडं मीठ घालायचे आणि बोट बुडवून चाखायचे. "आज समुद्र अळणी झालाय," म्हणून आणखी मूठभर. खरा समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. "कशाला? मुळशीचं धरण हाय की!" घरी येणाऱ्या प्रत्येकाला बरणी बघावीच लागे. मीटर वाचणारा तर फाटकातूनच ओरडायचा, "बघितली, आप्पा!"

दसऱ्याच्या आधी आप्पा चार दिवस चांदे गावी पाहुण्यांकडे गेले. बरणी माझ्याकडे. "ध्यान ठेवा, ताई."

मी ठेवलं. देवाची तांब्याची भांडी घासायला चिंच कालवलेलीच होती. अर्ध्या तासात चारही नाणी लखलखीत. यादीत नसलेलं काम झालं, म्हणून मी ते यादीत लिहून त्यावर खूण केली.

आप्पा परतले. बरणी उजेडात धरून बघितली.

"ताई, समुद्र घासून टाकलात की ओ!"

"अहो, तांबं आहे. काळं ठेवतं का कुणी?"

ते पायरीवर बसले. मोबाइल काढून फोटो दाखवला. नारिंगी कपड्यांतला तरुण, मागे नुसतं पाणी.

"आमचा पोरगा, संतोष. मालाच्या जहाजावर हाय. पंधरा दिस झालं, फोन न्हाई. रेंज नसंल." मग बरणीकडे बघत म्हणाले, "काळी व्हती तवर पटायचं, तळातनं आलीत म्हणून. तळाला जाऊन बी ही माघारी आली. आमचा तर वरनंच चाललाय. न्हाई का?"

"व्हय, आप्पा," मी म्हणाले.

त्या शनिवारी किराण्याच्या यादीत पहिलं नाव जाड्या मिठाचं होतं. पाणी मीच बदललं. आप्पांनी बोट बुडवून चाखलं.

"अजून एक मूठ घाला," ते म्हणाले. "त्यो लई लांबच्या समुद्रात हाय."