चाळिसावं डोकं

कोडी मार्टिनेकचं कुटुंब गाव सोडून गेल्याची बातमी सोमवारी कळली आणि सगळं गाव हळहळलं. शाळेच्या फुटबॉल संघातला सर्वांत धिप्पाड गडी गेला होता! कॉफीच्या दुकानात माणसं मयताला बसल्यासारखी टोप्या काढून बसली. पण मिल्टन कुबेनाइतका धक्का कुणालाच बसला नव्हता. त्याला फुटबॉलचं काही नव्हतं. कोडी बारावीच्या वर्गात चाळिसावा होता. म्हणजे शेवटचा!

"डॅडी, आता आम्ही एकोणचाळीसच उरलो," त्याच्या मुलीने, रॉझलिनने, जेवताना सांगितलं.

"बरंच झालं. गर्दी कमी."

"अरे, माझा नंबर चौथा! चाळिसांत चौथी म्हणजे बरोबर वरच्या दहा टक्क्यांत. एकोणचाळिसांत चौथी म्हणजे बाहेर!"

मिल्टनच्या हातातला काटा ताटात पडला. वरच्या दहा टक्क्यांना टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळायचा, आणि रॉझलिनला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे सगळं त्याची बायको बर्निस बघायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मिल्टनला विहिरीचे पंप कळायचे, टक्के नाही.

"पण तुझे मार्क?"

"तेवढेच आहेत."

"तू काही केलं नाहीस?"

"काहीच नाही."

"आणि रांगेतला शेवटचा माणूस घरी गेला म्हणून तुझा नंबर लागत नाही? हा कसला न्याय!" मिल्टनने टेबलावर मूठ आपटली. "एकच डोकं कमी पडतंय ना? आणतो!"

शाळेच्या सल्लागार मिसेस ओर्सक यांनी त्याला सांगितलं, की यादी ऑक्टोबरच्या शेवटी पक्की होते. त्या दिवशी पटावर असतील तेवढे धरायचे. झालं! बर्निसच्या आईचं छोटं घर मागच्या अंगणात रिकामंच होतं. मिल्टनने पेपरात जाहिरात दिली : 'घर भाड्याने. बारावीतलं मूल असलेल्यांना प्राधान्य.'

फोन सुरू झाले.

"मुलगा बारावीत आहे ना? अभ्यासात कसा?"

"देवाच्या दयेने फार हुशार!"

"अरेरे. घर गळतं हो."

दुसऱ्याचा मुलगा गणितात पहिला निघाला. त्याला मिल्टनने वाळवी सांगितली. तिसऱ्याची मुलगी विज्ञानाचं बक्षीस घेऊन आली होती. तिच्यासाठी साप काढावा लागला. आठवड्याभरात घराची इतकी बदनामी झाली, की चर्चमध्ये लोक त्याला विचारू लागले, "मिल्टन, पाडतोस कधी?"

मग वांडा सेलर्स नावाची बाई आली. सोबत तिची मुलगी डार्सी. डार्सीने जांभई दिली, च्युइंगगमचा फुगा फोडला आणि खुर्चीतच डोळे मिटले. मिल्टनच्या मनात आशा पालवली.

"शाळेत जाते का नियमित?"

"खोटं कशाला बोलू, मिस्टर कुबेना," वांडा ओशाळली. "गेलं वर्षभर शाळेत जवळजवळ गेलीच नाही."

मिल्टनने किल्ली तिथल्या तिथे दिली! वर घरी केलेल्या सॉसेजची भलीमोठी जुडी आणि जर्दाळू भरलेले डझनभर कोलाचे, म्हणजे गोड पाव, दिले. गादी स्वतः पाठीवर वाहून नेली.

"ती शाळेत का जात नव्हती, ते विचारलंस का?" रॉझलिन म्हणाली.

"चालून आलेल्या भाग्याची उलटतपासणी करू नये, बेटा!"

यादी पक्की झाली त्या दिवशी मिल्टन धुतलेला शर्ट घालून शाळेत गेला.

"अभिनंदन," मिसेस ओर्सक म्हणाल्या. "वर्गात पुन्हा चाळीस झाले."

"मग आमची चौथी आत!"

"पाचवी."

"पाचवी कशी? नवी आली ती मागे उभी राहील ना!"

"मिल्टन, डार्सी शाळेत जात नव्हती, कारण ती शाळेच्या वेळात शेजारच्या कॉलेजात पुढचे विषय शिकायला जात होती. कॉलेजच्या विषयांना जादा गुण धरतात. ती पहिली आलीय."

मिल्टन लहान मुलांच्या खुर्चीत मटकन बसला. खुर्चीही कुरकुरली.

"असं तोंड पाडू नका," मिसेस ओर्सक समजावू लागल्या. "रॉझलिन अजूनही साधारण सत्त्याऐंशी पर्सेंटाइलला आहे. म्हणजे शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांच्या पुढे!"

"शंभर कुठून आणू, बाई? चाळीस भरताना माझा जीव गेला!"

थेट प्रवेश हुकला. आता चारचौघांसारखा लांबलचक अर्ज भरायचा, निबंध लिहायचा, आणि ते काय ठरवतात याची वाट बघायची. रॉझलिनने स्वयंपाकघरात कागद पसरले. तिने आवाज चढवला नाही. मिल्टनला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"निबंधाचा विषय आहे : 'आयुष्यात कोणत्या अडचणीला तोंड दिलंत?'"

मिल्टन हळूच म्हणाला, "आईबद्दल लिही."

"आईला अडचण म्हणू?"

"नको. तसं नको." त्याने मान खाली घातली. "मग कशावर लिहिणार?"

रॉझलिनने पेन उघडलं आणि त्याच्याकडे डोक्यापासून बुटांपर्यंत नीट पाहिलं.

"हालू नकोस, डॅडी. तसाच बस."

मुदत संपायला बारा दिवस आहेत. निबंधाचं पहिलं वाक्य अजून व्हायचं आहे.