खारूताईचं कुलूप

पाणीपुरवठा कार्यालयातल्या खारूताईनं सकाळी अकराला कुलूप लावलं आणि पाचच मिनिटांत कुणीतरी ते वाजवायला लागलं.

कुलूप लोखंडाचं नव्हतं हो. गावातल्या तीन टाक्यांत पाणी किती आहे, हे सांगणारी एक वेब सेवा होती. चार महिन्यांपूर्वी वारलेल्या, ऑफिसातल्या सगळ्यांच्या काकांनी ती बांधली होती, आणि तिला कडी म्हणून नव्हती. पत्ता ठाऊक असला की कुणाच्याही यंत्रानं विचारावं आणि आकडा घेऊन जावं. साहेबांनी फर्मावलं होतं, "नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय कुणाला उत्तर मिळता कामा नये. चारला तपासनीस येतायत. कुलूप टिकलं तर तुम्ही कायम, नाहीतर महिनाअखेर घरी." खारूताईच्या घरी अंथरुणावर वडील आणि शिकणारी बहीण. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं.

तिनं एकच खातं उघडलं. पासवर्ड कागदावर उतरवला नाही, कुणाच्या कानावर घातला नाही. खात्याला नाव दिलं 'खारूताई'. टाकीच्या शिडीवर ती सरसर चढली म्हणून काकांनी ते ठेवलं होतं, आणि ऑफिसात तिला तशी हाक मारणारे एकटे काकाच. बाकीच्यांना ते ठाऊकही नव्हतं.

पडद्यावर दर पाच मिनिटांनी नोंद उमटत होती. कुणीतरी येत होतं, नाव न सांगता उभं राहत होतं आणि परत जात होतं.

"असेल एखादं यंत्र," ती स्वतःशीच म्हणाली.

"काकाही असेच दर पाच मिनिटांनी आकडा बघायचे," मागून शिपाईमामा म्हणाले. "तुम्ही बसलाय ती खुर्ची त्यांचीच, बरं का."

"मामा, तुम्हाला कामं नाहीत का?"

"आहेत ना. पण या खोलीतली उद्या करीन म्हणतो."

दोन वाजता येणाऱ्यानं पहिल्यांदा नाव सांगितलं. 'काका'. असं खातंच नव्हतं, दार उघडलं नाही. पुन्हा 'काका'. मग दहा मिनिटं काहीच नाही. खारूताईनं पाणी पिण्यासाठी हात पुढे केला, तोच नवी ओळ आली. 'खारूताई'. पासवर्ड चुकला. पुन्हा 'खारूताई'. बरोबर. दार उघडलं.

तिनं पासवर्ड बदलला. दहा मिनिटांत पाहुणा आत. पुन्हा बदलला. पुन्हा आत! आता तिला त्या खुर्चीत बसवेना, ती उभ्यानंच काम करू लागली.

"बाई, कुणाला सांगितलात पासवर्ड?" साहेब आत येऊन गरजले.

"देवाशपथ, कुणाला नाही!"

चारला तपासनीस आले. जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. नोकरीची पहिली दोन वर्षं त्यांनी याच ऑफिसात काकांच्या हाताखाली काढली होती. "माझ्यासमोर बदला," ते म्हणाले. तिनं बदलला. सगळे पडद्याकडे टक लावून बसले. चौथ्या मिनिटाला ओळ आली. 'खारूताई'. आत.

"ही खारूताई कोण?"

"मी. पण मी तर इथं आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. दारातले मामा देवाचं नाव घेत दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन खणाणला. साहेबांनी दचकून स्पीकरचंच बटण दाबलं.

"खारूताई का गं? आता पुन्हा बदलू नकोस हं. बोटं दुखायला लागली माझी."

"काकू?" काकांच्या बायकोचा आवाज तिनं ओळखला. "पण तुम्हाला पासवर्ड कसा कळला?"

"अगं, सगळ्यांना यांनीच नाही का शिकवलं? टाकीचं नाव, पुढे तिच्या पायऱ्या. बदलायचा झाला की पुढची टाकी, तिन्ही झाल्या की पुन्हा पहिली. पायऱ्या मीच मोजून दिल्यात, यांचा डबा घेऊन चढताना."

"पण हे सगळं कशासाठी, काकू?"

"यांनी इथं ओट्यापाशी दिवा बसवलाय. यांचं यंत्र तुमच्याकडे विचारत राहतं, मोठी टाकी भरली की तो लागतो. टाकी भरली की हे निघायचे आणि मी चहा ठेवायची. अजून ठेवते. आज यंत्रावर लाल अक्षरं आली, आत घेत नाहीत म्हणून. मग यांच्या नावानं बघितलं, तुझ्या नावानं बघितलं." आवाज बारीक झाला. "मला वाटलं, आता खरंच गेले गं."

खारूताईला हुंदका आवरेना.

साहेबांना मात्र आवरलं. "म्हणजे बाहेरची व्यक्ती चारदा आत आली. संपलं, बाई." तपासनीसांनी पेनचं टोपण काढलं.

"तपासनीस आलेत का? चष्मेवाले?" काकू म्हणाल्या. "त्यांना सांग, तुमचं दार उघडेना म्हणून मधे मी त्यांच्या मुख्य कार्यालयात डोकावून आले. त्यांच्या पासवर्डात अजून यांनी शिकवलेली जुनीच टाकी आहे. पहिल्या फटक्यात उघडलं."

पेन हवेतच थांबलं. तपासनीसांनी ग्लासभर पाणी मागितलं, लॅपटॉप भिंतीकडे वळवला आणि बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग अहवालात लिहिलं, 'कुलूप उत्तम. किल्ल्या सर्वत्र बदलाव्यात. काकूंना रीतसर वेगळं खातं द्यावं. कर्मचारी कायम करण्यास योग्य.' आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता ते निघून गेले.

खारूताईनं काकूंचं खातं उघडलं. पासवर्डात या वेळी एकही टाकी नव्हती. साडेपाचला पुन्हा फोन आला.

"लागला गं दिवा! तू येतेयस ना? तीन कप ठेवते."

"आलेच," खारूताई म्हणाली. काकू घरी एकट्याच राहत. एक कप त्यांचा, एक आपला. तिसरा कुणाचा, ते तिनं विचारलं नाही. निघताना खुर्ची तेवढी नीट टेबलाखाली सरकवून ठेवली.